प्रार्थनेतला पदर

वरळीच्या बीडीडी चाळीत आरतीच्या वेळी डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका अनेकांनी पाहिल्या आहेत. मराठी ख्रिस्ती घरांतही अनेक स्त्रिया प्रार्थनेला पदर घेतात. त्यामागे ख्रिस्ती परंपरेचाही जुना आधार आहे.

इ.स. 55च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले की, प्रार्थना करताना किंवा संदेश देताना स्त्रीने मस्तक झाकावे, पुरुषाने झाकू नये. रोमन पुरुष मात्र यज्ञाच्या वेळी डोक्यावर वस्त्र ओढून घेत. स्त्रिया मंडळीत प्रार्थना करीत, बोलत, हेही या पत्रातून कळते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने अविवाहित मुलींनीही मस्तक झाकावे म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे साऱ्याजणी झाकत नव्हत्या. रोममधल्या प्रिस्किला भुयारी दफनभूमीत त्याच शतकातले एक भित्तिचित्र आहे: मस्तकावर वस्त्र, दोन्ही हात वर पसरलेले, प्रार्थनेत उभी स्त्री.

कॅथलिकांच्या 1917च्या धर्मसंहितेत स्त्रियांसाठी मस्तक झाकण्याचा नियम होता. 1983च्या संहितेतून तो गेला. आता पदर घ्यायचा की नाही, हे कॅथलिक स्त्रीने स्वतः ठरवायचे आहे, आणि तेच योग्य आहे.