प्रस्तार : गणिताचा आणि गाण्याचा

‘या कायद्याचा प्रस्तार करा,’ असे तबल्याचे गुरुजी सांगतात, तेव्हा त्याच बोलांची उलटापालट करत कायदा वाढवायचा असतो. किती वाढवायचा, हे वादक ठरवतो. जुन्या गणितात मात्र प्रस्तार म्हणजे सर्व शक्यतांची क्रमवार यादी. तीत एकही प्रकार सुटता कामा नये आणि दोनदा येता कामा नये.

शब्दाचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. लघू-गुरू अक्षरे तीन जागी मांडली, तर आठच प्रकार होतात. शाळेत पाठ केलेले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण म्हणजे हाच प्रस्तार. नववा गण संभवतच नाही.

तेराव्या शतकात हे दोन्ही अर्थ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला एकत्र आले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने स्थापलेल्या मठाची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७च्या शिलालेखात आहे. याच सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात स्वरांचा प्रस्तार मांडला. सा, रे, ग यांचे क्रम सहा. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले, तर ५०४०.

इतकी यादी लिहायची कोणी? त्यासाठी ‘नष्ट’ ही रीत आहे : क्रमांकावरून हरवलेला स्वरक्रम शोधणे. शार्ङ्गदेवाच्या मांडणीत पहिले ७२० क्रम ‘नी’ने संपतात, पुढचे ७२० ‘ध’ने, मग ‘प’, ‘म’, ‘ग’ अशी उतरण. तीन हजारावा क्रम पाचव्या गटात पडतो. म्हणून त्याचा शेवट ‘ग’. यादी न लिहिताच उत्तर मिळाले. या गणनेच्या ‘खंडमेरू’ या कोष्टकाचे नाव गवयांच्या ‘मेरुखंड’ रियाजात आजही टिकून आहे.

पण यादी म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. गणिताने दोघांचेही क्रम १२०. तरी भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवताचा आधार घेतो. कोणत्या स्वरावर किती थांबायचे, हे त्या १२० ओळींत कोठेच लिहिलेले नसते. सगळे पलटे पाठ असलेल्या विद्यार्थ्याचा राग उभा राहत नाही, तो इथेच.

आपल्या नगर जिल्ह्यातील नेवासे याच यादवराज्यात होते. तेथे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ती ओवीत. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. पण अक्षरसंख्या आणि लघू-गुरूंचा क्रम मोकळा. गणवृत्तासारखा तिचा साचा ठरलेला नाही, म्हणून पिंगलाच्या कोष्टकात तिला घर नाही.

गणितातला प्रस्तार शेवटचा प्रकार लिहिला की पुरा होतो. गाण्यातला तेथून सुरू होतो. त्या साऱ्यांतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे गाणाऱ्याला ठरवावे लागते.