करवतीचा काटकोन

टेबल सॉ या यंत्रात गोल पाते मेजाच्या फटीतून वर येऊन एका जागी फिरत राहते आणि लाकूड मेजावरून त्याच्याकडे सरकवले जाते. हातकरवतीने कापणारा सुतार रेघ सुटू लागली की मनगट वळवून ती पुन्हा पकडू शकतो; टेबल सॉवर ही मुभा नसते, कारण मेज, पाते आणि लाकडाला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या यांच्या मांडणीत जी चूक असेल ती प्रत्येक कापात जशीच्या तशी उतरते. ६०० मिमी रुंदीच्या फळीचा आडवा काप काटकोनापासून केवळ ०.१ अंशाने ढळला, तर दुसऱ्या टोकाला सुमारे १ मिमीचा फरक पडतो. चौकटीचे गणित याहून कठोर आहे: चार कोपऱ्यांसाठी ४५ अंशांचे आठ काप लागतात आणि प्रत्येक काप अर्ध्या अंशाने कमी पडला, तर तीन कोपरे घट्ट बसवल्यानंतर चौथ्या कोपऱ्यात ४ अंशांची फट उघडी पडते.

यंत्रावर कोरलेली अंशांची पट्टी या कामी फारशी उपयोगी पडत नाही. तिच्यावरील दोन खुणांमधले अंतर जेमतेम एक-दोन मिमी असते, दर्शक काटा स्वतःच जाड असतो आणि तो कारखान्यात कोणत्या स्थितीत बसवला गेला हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून ती पट्टी अंदाज देणारी खूण मानावी आणि निर्णय कापलेल्या लाकडावर सोपवावा. लाकडाची साक्ष घेण्याच्या ज्या रीती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्या सर्वांचे मर्म एकच आहे: चूक इतकी मोठी करून पाहायची की साध्या डोळ्यांनाही ती दिसावी.

या मर्माचा पहिला प्रयोग मोजण्याच्या साधनावरच करावा लागतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, स्वतः खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी सरळ कडेच्या प्लायवूडवर तो टेकवून एक बारीक रेघ ओढतात, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढतात. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या विश्वासाचा. त्या फाकल्या तर त्यांच्यामधले अंतर गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते. पडलेला, एखाद्या टोकावर आपटलेला गुण्या वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि यंत्र मात्र दोषी ठरते, असे कार्यशाळांतून पुष्कळदा घडते.

यानंतरचा क्रम बदलता येत नाही. मेजाच्या पृष्ठभागात पुढून मागे गेलेली जी खाच असते, तिच्यात मायटर गेज सरकतो. मायटर गेज म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात धरून पात्याकडे नेणारी सरकती पट्टी. पाते या खाचेला समांतर असणे ही पहिली अट आहे, कारण पुढची सगळी मापे तिच्यावर उभी राहतात. यंत्राचा प्लग काढून पात्याच्या एका दातावर पेनाने खूण करतात, तो दात पुढच्या बाजूला आणून खाचेपासून त्याचे अंतर डायल गेजने मोजतात, आणि मग पाते हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला नेऊन पुन्हा मोजतात. दोन्ही वेळा दात तोच ठेवण्याचे कारण असे, की कोणतेही पाते थोडेसे डुलते आणि वेगवेगळे दात मोजल्यास ते डुलणे समांतरपणाच्या मापात मिसळते. दोन मापांतला फरक ०.१ मिमीच्या, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीच्या, आत आणणे घरगुती यंत्रावरही शक्य आहे. डायल गेज नसेल तर खाचेत घट्ट बसणाऱ्या पट्टीला एक स्क्रू बसवून त्याचे डोके दाताला नुसते घासेल एवढे पुढे आणले तरी कान आणि बोटे तो फरक ओळखतात.

हा समांतरपणा केवळ सफाईसाठी नसतो. पात्याचे मागचे दात मेजातून वर येत असतात. लाकूड फेन्स, म्हणजे उभ्या कापासाठी पात्याला समांतर लावलेली लांब पट्टी, आणि पाते यांच्यामध्ये मागे जाऊन आवळले गेले, तर ते दात लाकूड उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. म्हणून फेन्सचे मागचे टोक पात्यापासून केसभर दूर असलेले चालते. पात्याकडे झुकलेले कधीही चालत नाही.

आता पात्याचा उभा कोन. जुन्या करवत-यंत्रांत पाते सरळच राही आणि तिरक्या कापासाठी मेज कलवावे लागे, त्यामुळे जड फळी उतारावरून घसरत असे. १९३९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या डेल्टा कंपनीच्या युनिसॉसारख्या यंत्रांनी मेज आडवे ठेवून पाते कलवण्याची रचना रूढ केली. या रचनेत पाते ९० आणि ४५ अंशांवर थांबावे म्हणून थांबा-स्क्रू दिलेले असतात. त्यांच्या टोकावर भुसा दबून बसला की थांबा काही दशांश अंशांनी अलीकडे येतो, म्हणून मोजणीपूर्वी ब्रश फिरवणे हा कामाचाच भाग आहे. चाक फिरवून पाते कलवणाऱ्या दातेरी चक्रांतही थोडी सैल चाल असते; म्हणून पाते नेहमी एकाच दिशेने कोनाकडे आणावे, कुलूप-मूठ आवळावी आणि मगच मोजावे, कारण आवळताना कोन किंचित हलतो.

गुण्या पात्याला लावताना तो दातावर टेकू देऊ नये. कार्बाइडचे दात पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड असतात, त्यामुळे दातावर टेकलेला गुण्या हमखास खोटा कोन दाखवतो. तो दोन दातांमधल्या मोकळ्या जागेतून पत्र्यालाच भिडला पाहिजे. चुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक वापरायचा असेल तर तो आधी मेजावर ठेवून शून्य करावा लागतो, कारण घरातील फरशी आणि तिच्यावरचे यंत्र समपातळीत असतेच असे नाही. तरीही अंतिम निवाडा कापाचाच. सुमारे ७० मिमी उंचीची, वरची आणि खालची कड नीट समांतर रंधलेली पट्टी उभी धरून मधोमध कापावी, एक तुकडा खालची बाजू वर येईल असा उलटवावा आणि दोन्ही कापलेली तोंडे मेजावर एकमेकांना भिडवावीत. ०.२५ अंशाची चूक या उंचीत एरवी ०.३ मिमी एवढीच असते. उलटवल्यामुळे ती ०.६ मिमीची फट होऊन उजेडात येते.

मायटर गेजचा काटकोन तपासण्याची पाच कापांची रीत ही या साऱ्या विद्येतील सर्वांत देखणी रीत म्हणावी लागेल. सुमारे ४०० मिमी बाजूच्या एमडीएफच्या चौरसाची एक कडा कापायची, ती ताजी कडा गेजला टेकवून पुढची कापायची, आणि तुकडा दर वेळी एकाच दिशेने फिरवत चारही कडा पूर्ण करायच्या. पाचव्या वेळी पहिली कडा पुन्हा पात्यासमोर येते. तिच्यातून २५ मिमीच्या आसपास रुंदीची पट्टी कापून तिची दोन्ही टोके व्हर्नियरने मोजायची. पहिल्या कापानंतर तुकडा चार वेळा फिरलेला असल्याने त्या पट्टीत गेजची चूक चौपट होऊन साठलेली असते. एक टोक २५.८ मिमी आणि दुसरे २५.२ मिमी भरले, तर ०.६ ला ४ ने भागून ४०० मिमी लांबीत ०.१५ मिमी, म्हणजे सुमारे ०.०२ अंश, एवढी खरी चूक निघते. गेजची पट्टी ज्या बोल्टभोवती फिरते तिथून दुसरा बोल्ट ५०० मिमीवर असेल, तर त्याच प्रमाणात तिथे सुमारे ०.१९ मिमी सरकवावे लागते आणि हे सरकवणे फीलर गेजच्या पात्याने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याने, नेमके साधते. दिशा चुकली तर पुढच्या फेरीत फरक वाढलेला दिसतो. तेव्हा उलट सरकवायचे.

४५ अंशांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून सुटते. सरळ उभे असताना खाचेला समांतर असलेले पाते कलल्यावर समांतर राहीलच असे नाही. ज्या आसाभोवती पाते कलते तो आस मेजाच्या पृष्ठभागाला समांतर नसेल, तर कलताच पाते तिरपे होते आणि लाकडावर जळाल्याच्या काळ्या रेघा उमटतात. येथे कोन कितीही वेळा जुळवला तरी उपयोग नसतो; मेज आणि सांगाडा यांच्यामध्ये पुढच्या किंवा मागच्या बाजूला पातळ पत्र्याची चकती घालून मेजच त्या आसाला समांतर करावे लागते. त्यानंतर ४५ अंशांवर कापलेले दोन तुकडे जोडून आतल्या कोपऱ्यात गुण्या लावला की दुप्पट झालेली चूक दिसते.

महाराष्ट्रातील अनेक सुतार आणि हौशी कारागीर हातातली सर्क्युलर सॉ प्लायवूडच्या फळीखाली उलटी बसवून आपले मेज तयार करतात. ही जोडणी कल्पक असली तरी तिच्यात पात्यामागे लाकडाची फट उघडी ठेवणारी पाचर आणि पात्यावरचे झाकण बहुधा नसते. ती बसवल्याशिवाय अशा मेजावर काम करू नये. शिवाय प्लायवूड आणि लाकडी पट्ट्या पावसाळी हवेत फुगतात. कोकणात तर मे महिन्यात जुळवलेला काटकोन श्रावणात तसाच सापडेल याची खात्री धरता येत नाही. पाच कापांची कसोटी अर्ध्या तासात आटोपते. ती पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा घ्यावी, आणि शेवटी हाती आलेल्या पट्टीवर तारीख व दोन्ही टोकांची मापे लिहून ती यंत्राशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवावी.