रोजनिशीतले खरे

पावसाळा उतरला की नेरळमध्ये घरोघर दमट सामानाला ऊन दाखवण्याचा परिपाठ आहे. यंदा कपड्यांबरोबर माझ्या रोजनिश्याही अंगणात आल्या. वीस-बावीस वर्षांच्या या वह्या बहुतांशी मुंबईला जाता-येता लोकलमध्ये लिहिलेल्या. म्हणून अक्षर वाकडे. भाजीचे भाव, रखडलेली गाडी, मुलांची आजारपणे. सामान्य माणसाच्या असल्या नोंदींचे मोल ते काय, असे कोणीही विचारील.

याचे एक उत्तर आमच्याच जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले भिक्षुक. दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेत गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. ‘माझा प्रवास’ मात्र त्यांनी लिहिला तो पाव शतकानंतर. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला; त्याच वर्षी नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. परंतु वैद्यांनी मजकुरावर आपला हात फिरवला होता. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणले.

दुसऱ्याच्या लेखनावर संपादक हात फिरवतो. आपल्या आयुष्यावर तो आपली स्मृतीच फिरवीत असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानच्या गाडीचा मार्ग उखडला आणि आमच्या आळीतही पाणी शिरले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी पाण्यातून वर आणले, ही हकीकत मी वर्षानुवर्षे, अगदी मनापासून सांगत आलो. वहीतील त्या रात्रीची नोंद निराळी आहे. त्यांना त्यांच्या मुलाने आणले. मी जिन्यावर कंदील धरून उभा होतो. खाली उतरण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि ही हकीकत मी त्या मुलासमोरही सांगितली होती. तो काही बोलला नव्हता.

ते पान फाडावे, असे क्षणभर वाटले. फाडले नाही. संध्याकाळी वही घेऊन शेजारी गेलो व त्याला ते वाचून दाखवले. तो एवढेच म्हणाला, ‘काका, कंदिलाचा उपयोग झाला होता.’

रोजनिशी लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच : लिहायचे ते त्याच रात्री लिहा, आणि मागाहून खोडू नका.