नसलेल्या रेल्वेची इंजिनं

माझ्या रेल्वे कंपनीचं नाव 'चीट रिव्हर अँड लेक एरी'. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या खाणींवर कोळसा भरायचा आणि ओहायोतल्या कॉनिऑट बंदरात, एरी सरोवराच्या काठी नेऊन ओतायचा, हा तिचा मुख्य धंदा. चीट नदी खरी, कॉनिऑट बंदर खरं, मधली सव्वातीनशे किलोमीटरची रेल्वे मात्र माझ्या डोक्यातली. पिट्सबर्गजवळच्या माझ्या घराच्या तळघरात तिचा थोडासा भाग मांडलेला आहे, एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने. कंपनीच्या दप्तरी बावीस इंजिनं आहेत. तेविसावं का नाही, ते मी कागदावर मांडून दाखवू शकतो.

पुण्याचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना मॉडेल रेल्वे म्हणजे काय ते सांगायला नको. अमेरिकेत या छंदाची एक खास शाखा आहे: खऱ्या कंपनीची नक्कल करण्याऐवजी स्वतःचीच कंपनी रचायची. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन अ‍ॅलनची काल्पनिक रेल्वे जगभर गाजली. तिच्या यार्डात शंटिंगला चक्क एक डायनोसोर होता, नाव एमा. पुढे ओहायोत अ‍ॅलन मॅकलेलंडने 'व्हर्जिनियन अँड ओहायो' उभी केली आणि वारं फिरलं. त्याचं म्हणणं असं, की तुमची रेल्वे तळघराच्या भिंतीपाशी संपता कामा नये. गाडी कुठून आली, माल कुणाचा, पुढे कुणाच्या रुळांवर जाणार, हे सगळं ठरलेलं हवं. मी याच पंथातला.

या पंथात नवखा माणूस हमखास फसतो तो इंजिनांच्या निवडीत. दुकानात एक देखणं मॉडेल दिसतं, मग दुसरं, आणि पाहता पाहता एका गरीब कोळसावाहू कंपनीकडे प्रदर्शन भरवावं इतक्या जातींची इंजिनं जमतात. खऱ्या कंपनीला हे परवडत नाही. प्रत्येक नव्या जातीमागे वेगळे सुटे भाग आणि ते जाणणारा वेगळा मिस्त्री लागतो. म्हणून मी तीन गोष्टी आधी ठरवल्या: साल, माल आणि चढ.

साल १९८४. स्टॅगर्स कायद्याने १९८० मध्ये अमेरिकी रेल्वे कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक दिली होती, डबघाईला आलेल्या कंपन्यांची इंजिनं बाजारात मिळत होती आणि मालगाडीच्या शेपटाला गार्डचा डबाही अजून दिसत होता. रचणाऱ्याला असा काळ फार सोयीचा, कारण जुनं आणि नवं एकाच यार्डात उभं करता येतं.

आता माल आणि चढ. कोळशाने भरलेली एक वाघीण सुमारे १२० टनांची. साठ वाघिणींची गाडी म्हणजे ७,२०० टन. सपाटीवर एक टन ओढत ठेवायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. शंभरास एक असा चढ आला, की त्यात टनामागे दहा किलोंची भर पडते. म्हणजे घाटात माझ्या गाडीला ९०,००० किलोंचा जोर हवा. एसडी४०-२ हे सहा आसांचं, ३,००० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन संथ गतीने तासन् तास सुमारे ३७,५०० किलोंचा जोर लावू शकतं. त्यातला थोडा स्वतःचं वजन चढवण्यात जातो. हातात उरतो ३५,००० च्या आसपास. दोन इंजिनं अपुरी पडतात, तीन लागतात.

पण असा चढ माझ्या मार्गावर एकाच ठिकाणी आहे, वीसेक किलोमीटरचा. बाकी ठिकाणी चढ निम्म्याहून जास्त नाही आणि तिथे दोन इंजिनांत भागतं. मग तिसरं इंजिन सव्वातीनशे किलोमीटर मिरवत कशाला न्यायचं? ते घाटाच्या पायथ्याशी ठेवायचं आणि मागून लावायचं. मी कल्याणचा. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागताना लहानपणापासून पाहत आलोय. तिथला चढ तर सदतीसास एक, माझ्या घाटाच्या पावणेतीन पट. मागून रेटा मिळाला की पुढच्या कपलिंगवरचा ताणही हलका होतो, हा आणखी एक फायदा.

यावरून हिशेब पुढे सरकतो. रोज भरलेल्या दोन गाड्या निघतात. एका जोडीला खाण, बंदर आणि परत खाण या फेरीला दोन दिवस लागतात, म्हणजे एकाच वेळी चार जोड्या कामात: आठ इंजिनं. घाटात एक बँकर, झाली नऊ. दोन्ही दिशांना रोज एकेक मिश्र मालगाडी, प्रत्येकीला दोन: चार. कारखान्यांच्या सायडिंगवर डबे पोचवणाऱ्या स्थानिक गाड्यांना तीन, यार्डांत शंटिंगला तीन. बेरीज एकोणीस. शिवाय अमेरिकी सरकारच्या त्या काळच्या नियमाने प्रत्येक इंजिनाची दर ९२ दिवसांनी तपासणी, आणि बिघाड काही सांगून येत नाहीत. त्यासाठी तीन राखीव. बावीस! हिवाळ्यात एरी सरोवर गोठतं, बोटी थांबतात आणि कोळशाची एकच गाडी उरते. तेव्हा मोठी दुरुस्ती काढायची, नाहीतर दोनचार इंजिनं शेजारच्या कंपनीला भाड्याने द्यायची.

संख्या ठरली तरी जाती ठरत नाहीत. कंपनीचा ताफा म्हणजे जुन्या घरातली भांड्यांची फळी: काही लग्नात आलेली, काही सासूबाईंची, काही हप्त्याने घेतलेली, आणि एक शेजाऱ्यांचं परत द्यायचं राहून गेलेलं. म्हणून मी आधी कंपनीचा इतिहास लिहिला. १९५६ मध्ये वाफेची इंजिनं काढून तिने १,७५० अश्वशक्तीची जीपी९ घेतली. त्यांतली तीन अजून स्थानिक गाड्या ओढतात. चार आसांचं हलकं इंजिन कारखान्याच्या अरुंद वळणांवर रुळांना त्रास देत नाही. १९६७ मध्ये कोळसा वाढला, तेव्हा सहा आसांची तीन एसडी४० आली. १९७२ मध्ये जनरल मोटर्सने एसडी४०-२ बाजारात आणलं. या जातीची पुढे जवळपास ४,००० इंजिनं बनली. माझ्या कंपनीने त्यातली नऊ घेतली, सहा १९७३ मध्ये आणि तीन १९७८ मध्ये. शंटिंगला तीन एसडब्ल्यू१५००. मिश्र गाड्यांना १९७४ ची दोन जीपी३८-२. यांना टर्बोचार्जर नाही, ताकद २,००० अश्वशक्तीच, पण देखभाल स्वस्त.

बेरीज करणारा वाचक इथे थांबेल. नऊ एसडी४०-२ आणि तीन एसडी४० मिळून बारा होतात, आणि हिशेबात नऊ अधिक दोन राखीव अशी अकराच हवीत. बरोबर. ३०११ ते ३०१९ या क्रमांकांतलं ३०१६ आज नाही. घाटातल्या अपघातात ते दरीत गेलं आणि भंगारात निघालं. सलग, भोकं नसलेली क्रमांकांची यादी पाहिली की जाणकाराला लगेच वास येतो. खऱ्या रेल्वेच्या यादीत कुठेतरी आग लागलेली असते, काही विकलेलं असतं.

उरली तीन इंजिनं आणि हीच माझी लाडकी. शिकागोची रॉक आयलंड रेल्वे ३१ मार्च १९८० रोजी कायमची बंद पडली आणि तिची इंजिनं देशभर विखुरली. माझ्या कंपनीने तिची तीन जीपी४० लिलावात उचलली. रंगवायला पैसे नव्हते. म्हणून मॉडेलवर मी मूळचा निळा-पांढरा रंग तसाच ठेवलाय. फक्त जुन्या नावावर आणि क्रमांकावर आमच्या काळ्या रंगाचा चौकोनी ठिगळपट्टा मारला, तोही जरासा वाकडा, कारण शेडमधला माणूस काही चित्रकार नव्हता. पट्टा इतका पातळ दिलाय की तिरप्या उजेडात जुना आकडा खालून डोकावतो. निळ्यावर पाणीदार पांढऱ्याचा हात फिरवला, ऊन खाल्ल्यासारखा. धुराड्याभोवती काजळी. बघायला येणारे नव्याकोऱ्या इंजिनांवरून नजर फिरवतात आणि या तिघांपाशी थांबून विचारतात, ही कुठली?

एक इच्छा मात्र मारावी लागली. कल्याणला डब्ल्यूडीएम-२ च्या आवाजात मी वाढलो. ते इंजिन अल्को या अमेरिकी कंपनीचं. पहिली खेप १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून ही इंजिनं वाराणसीत बनू लागली. अल्कोचा कारखाना न्यूयॉर्क राज्यात स्कनेक्टडीला होता, माझ्या घरापासून मोटारीने एका दिवसाच्या वाटेवर. साहजिकच ताफ्यात एक तरी अल्को हवंसं वाटत होतं. पण अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. माझी कंपनी जनरल मोटर्सच्या इंजिनांवर चालते. एका पाहुण्यासाठी तिने सुट्या भागांची वेगळी मांडणी ठेवली नसती. अखेर न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्होनिया, एव्हन अँड लेकव्हिलची आठवण मदतीला आली. ही छोटी खरी रेल्वे अल्कोसाठीच ओळखली जाते. तशीच एक चिमुकली शेजारीण मी कॉनिऑटला जोडून दिली. तिचं अल्को दिवसातून एकदा आमच्या यार्डात येतं, डबे सोपवतं, आणि काळा धूर सोडत परत जातं. धूर अर्थात मनातला.

साठ वाघिणींची गाडी या मापातही दहा मीटरच्या वर जाते, आणि माझं तळघर काही रेल्वे यार्ड नाही. मी वीस वाघिणी लावतो, पुढे दोन इंजिनं, घाटात मागे तिसरं. बावीसपैकी निम्मीअधिक इंजिनं फक्त वहीत आहेत. ती सध्या बंदराकडे गेलीत, किंवा शेडमध्ये तपासणीला उभी आहेत. तरी रुळांवरची गाडी खरी वाटते ती त्यांच्यामुळे.

कुणाला हा नाद लागायचा असेल तर सुरुवात वही-पेन्सिलीने करा, दुकानाची पायरी नंतर. गेल्याच महिन्यात एका मित्राने मला नव्या मॉडेलचं चित्र पाठवलं: ४,४०० अश्वशक्तीचं जनरल इलेक्ट्रिकचं देखणं इंजिन. मी त्याला दोनच गोष्टी कळवल्या. एक, ते १९९० च्या दशकातलं, आणि माझ्याकडे अजून १९८४ चालू आहे. दुसरी, इतके पैसे नाहीत. माझ्याकडे असतीलही, कंपनीकडे नाहीत.