शिंगाला कडबोळंच न्हाई

उचगाव कोल्हापूर शहराला अगदी खेटून आहे. जवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, शेजारी गांधीनगरची बाजारपेठ, पलीकडे शिरोलीचे कारखाने. शेती अजून आहे, ऊसही आहे; पण नांगरट ट्रॅक्टरनं होते. दूध घालायला दारात म्हैस असते, बैलजोडी मात्र शोधावी लागते. त्यामुळं इथल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, भेटतो तो बहुतेक करून मातीच्या बैलांतून. कुंभाराकडून जोडी आणायची, पाटावर मांडायची, पूजा करायची, पुरणपोळीचा निवद दाखवायचा. हे बैल पुजायचे का, ते पूर्वी मुलाला गोठ्यातच कळायचं. आता गोठाच नाही, म्हणून पुस्तक हाताशी घ्यावं लागतं.

लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम मी हौसेनं करते. आषाढ लागला, की बेंदराची तयारी सुरू होते. अडचण पहिल्याच पायरीवर येते. हाती लागलेल्या छापील पुस्तकात पोळा असतो, श्रावणी अमावास्येचा. आमचा महाराष्ट्रीय बेंदूर गुरुपौर्णिमेच्या आसपास, आणि कर्नाटकी बेंदूर त्याच्याही आधी, ज्येष्ठात. ज्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, त्या मुलखातल्या पोरांना त्यांच्या सणाचं चित्रपुस्तक सहज मिळू नये, याची चुटपुट लागते. पण बैल तोच, उपकार तेच, म्हणून पोळ्याचं पुस्तक आम्ही बिनदिक्कत उघडतो.

सतरंजीवर मुलं अर्धगोलात बसतात. पुस्तक छातीशी धरायचं, पान मुलांकडे. मजकूर आपण वरून वाकून वाचायचा. पान उलटलं की लगेच तोंड उघडायचं नाही. तीन वर्षांचं मूल चित्राच्या मधोमध बघतच नाही. त्याला आधी कोपऱ्यातली कोंबडी दिसते, मग बैलाची शेपटी, मग पाय. बैल अख्खा दिसायला वेळ लागतो, तो द्यावा लागतो. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे पुस्तक ज्यांनी मुलांबरोबर पाहिलंय त्यांना हे ठाऊक असेल: मोठ्या माणसाची घाई हाच या वाचनातला खरा अडथळा.

सांगायचं किती, हाही प्रश्नच. ‘कृतज्ञता’ या वयाला कळत नाही. ‘आज बैलाच्या मानेवर जू नाही’ हे कळतं. तेवढं एक वाक्य पुरतं, कारण त्यावर लगेच प्रश्न येतो, “मग त्यो दिवसभर काय करतोय?” त्याचं उत्तर म्हणजेच बेंदूर. आदल्या दिवशी खांदेमळणी: जू जिथं घासतं तिथं हळद-तेल चोळायचं. हे सांगताना मी मुलांना दप्तराचा पट्टा रुततो तिथं स्वतःच हात फिरवायला लावते. मग आंघोळ, रंगवलेली शिंगं, शिंगांत कडबोळी, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, कपाळावर गोंडा. संध्याकाळी मिरवणूक, आणि वेशीत बांधलेला कर, म्हणजे तोरण, तोडायला बैलांची धाव.

यातलं बरंच छापील पुस्तकात नसतं. म्हणून आम्ही आमचं पुस्तक शिवतो. चित्रकलेचे कागद मधोमध दुमडायचे, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं टाके घालायचे, कव्हरवर चिकटपट्टी. एका पानावर एकच काम, आणि खाली फार तर एक ओळ. शिंगं मुलं बोटांनी रंगवतात, झुलीला घरून आणलेली चिंधी लावतात. शेवटचं पान कोरं ठेवायचं.

त्याच जागेवर एका घमेल्यात भिजवलेली माती असते. पुस्तकातला बैल बघून मुलं मातीचा बैल करायला बसतात. पाय आधी मोडतात, मग जाड होतात. वशिंड मात्र एका चिमटीत उभं राहतं आणि तेवढ्यानं गोळ्याचा बैल होतो. घरी हिंदी बोलणारी कामगारांची मुलंही यात असतात. त्यांना शब्द मागाहून येतात, चिखल आधी येतो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा साधनं अशी परिसरातूनच घेतली होती. माती, पानं, शंख, बिया. महागडं साहित्य खेड्याला परवडणार नाही हे तर होतंच, पण ओळखीची वस्तू हातात आली की मूल बोलतं, हेही त्यांनी ओळखलं होतं.

या कामात सगळ्यात महत्त्वाचं म्हणाल तर सण झाल्यावरचं वाचन, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. बेंदूर झाला, पोळी खाल्ली, गावात कुणाची जोडी सजून निघाली ती बापाच्या खांद्यावरून बघितली, की तेच छापील पुस्तक पुन्हा काढायचं. आता मुलं गप्प बसत नाहीत. “ह्येच्या शिंगाला कडबोळंच न्हाई!” एक ओरडतो. “मी आज्जीसंगं बैल आणाय गेलतो, आमच्या बैलाला डोळं काळं हुतं, ह्येचं निळं हाईत,” एक मुलगी पानावर बोट आपटून सांगते. आधी मी सांगत होते, ती ऐकत होती. आता ती पुस्तकाला तपासते. मग शिवलेल्या पुस्तकाचं ते कोरं पान उघडायचं आणि राहिलेलं तिथं काढायला सांगायचं. कुणी कडबोळं काढतं, कुणी नुसता पाऊस.

पुढं नागपंचमी, मग गौरी-गणपती. घरोघरी पुस्तकं आणली जातील, सणाच्या आदल्या रात्री हौसेनं वाचलीही जातील. छापील असो की दोऱ्यानं शिवलेलं, सण आटोपला म्हणून पुस्तक कपाटात टाकू नये. त्यातलं चुकलेलं मुलाला सापडायची वेळ तेव्हाच सुरू होते.