शाम्पू सोडणाऱ्यांना काय विकाल? शिकेकाई पावडरच्या धंद्याचा खरा हिशोब

"सर, घरी शिकेकाई पावडर बनवून विकायची आहे, चालेल का?" हा प्रश्न आपल्या ट्रेनिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक बॅचला येतो. विचारणाऱ्या बहुतेक ताई स्वतः शाम्पू सोडून घरगुती न्हाण्यावर आलेल्या असतात. मैत्रिणी मागतात, नातेवाईक मागतात, आणि मग वाटतं की चला, याचाच धंदा करूया.

धंदा होऊ शकतो. पण त्याआधी वस्तू कशी काम करते, घरात काय चालतं आणि दुकानात काय चालत नाही, आणि एका पाकिटामागे खरोखर किती रुपये सुटतात, हे तीन मुद्दे नीट समजून घ्या. आज तेच बघू.

शिकेकाई-रिठ्याने केस स्वच्छ कसे होतात?

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे घटक असतात. पाण्यात ते फेस करतात, तेल आणि मळ धरतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. रिठ्याला फेस जास्त, शिकेकाईला कमी. आवळकाठी मुख्यतः जोडीला असते, धुण्याचं काम या दोघांचं.

साध्या साबणाने केस धुतले की बोअरच्या जड पाण्यात चिकट थर बसतो. सॅपोनिनचा तसा थर बसत नाही. म्हणून जड पाण्याच्या गावात शिकेकाईचं गिऱ्हाईक टिकतं.

पण शाम्पूएवढी तेल काढण्याची ताकद यात नाही. वाटीभर तेल लावून न्हायलं तर एका धुण्यात तेल निघत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, म्हणजे पहिल्या वापरानंतर "केस चिकट राहिले" अशी तक्रार येत नाही.

एका न्हाण्यापुरतं घरी कसं करायचं?

विकण्याआधी स्वतः दोन-तीन महिने वापरा. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी हे प्रमाण धरा:

1. शिकेकाईच्या 5-6 शेंगा, 4-5 रिठे (बी काढून) आणि 2 चमचे आवळकाठी रात्री तीन ग्लास पाण्यात भिजवा.
2. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. लोखंडी भांडं घेऊ नका, आवळ्याने पाणी काळं पडतं.
3. कोमट झालं की हाताने कुस्करा आणि सुती कापडातून गाळा.
4. डोळे मिटून लावा, पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रिठा डोळ्यात गेला तर खूप झोंबतो.

हे पाणी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका, आंबतं. म्हणूनच "लिक्विड शिकेकाई" घरी बनवून बाटलीत विकायचा विचार सुरुवातीला डोक्यातून काढून टाका. पाणी असलेल्या वस्तूला प्रिझर्व्हेटिव्ह लागतं, आणि त्याचं प्रमाण अंदाजाने घालता येत नाही. नवशिक्याने कोरडी पावडरच धरावी.

खाण्याचा सोडा आणि लिंबू हा उपायही बरेच जण सांगतात. डोक्याची त्वचा थोडी आम्लधर्मी असते, साधारण 5.5 पीएच. सोड्याचं पाणी 8 च्या वर जातं. रोज वापरलं तर केस कोरडे आणि खरखरीत होतात. लिंबाचा रस उलट टोकाचा, फार आंबट. तुमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटात सोडा घालू नका.

पावडर करताना घोळ कुठे होतो?

पहिला घोळ कांडपाच्या मशीनवर. ज्या मशीनमध्ये सकाळी मिरची कांडली, त्यातच दुपारी शिकेकाई दिली, तर गिऱ्हाइकाच्या डोक्याची आणि डोळ्यांची आग होणार. कांडपवाल्याशी बोलून मशीन पूर्ण साफ करून घ्या, आधी किलोभर स्वस्त माल फिरवून तो टाकून द्या, किंवा छोटा पल्व्हरायझर वेगळा ठेवा. दळताना तोंडाला मास्क हवाच. शिकेकाईची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

दुसरा घोळ ओलाव्याचा. शेंगा हाताने मोडल्या की कट्‌कन तुटल्या पाहिजेत. वाकल्या तर अजून ऊन द्या. ओलसर माल दळला की पाकिटात गुठळ्या आणि मग बुरशी. पावसाळ्यात विकायचा माल उन्हाळ्यातच वाळवून, दळून, हवाबंद डब्यात ठेवा.

तिसरा घोळ चाळणीचा. जाड पावडर केसात अडकते, धुऊनही निघत नाही. शाम्पूची सवय असलेलं गिऱ्हाईक इथेच परत शाम्पूकडे जातं. वस्त्रगाळ करा, किंवा पावडर छोट्या सुती पुरचुंडीत भरून द्या. पुरचुंडी गरम पाण्यात बुडवायची, पिळायची, पाणी वापरायचं. चोथा डोक्यात जात नाही.

आता हिशोब

खालचे भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातले भाव टाकून हाच तक्ता वहीत परत मांडा.

- शिकेकाई 2 किलो × 240 = 480 रुपये
- रिठा बीसह 2 किलो × 160 = 320 रुपये
- आवळकाठी 1 किलो × 300 = 300 रुपये

एकूण 1100 रुपयांचा 5 किलो माल. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, 100 ग्रॅमला 22 रुपये पडले. थांबा. रिठ्यात बीचं वजन जवळपास निम्मं असतं. बी काढली की 2 किलोचा 1 किलो होतो. म्हणजे हातात 4 किलो. दळण्यात आणि चाळण्यात 10 टक्के घट धरा, राहिले 3.6 किलो. कांडप 4 किलोचं, 40 रुपयांनी 160 रुपये. एकूण खर्च 1260, भागिले 3.6, म्हणजे किलोला 350. तुमचे 100 ग्रॅम 35 रुपयांना पडले.

त्यात पाकीट आणि लेबल 9 रुपये, तुमची मजुरी आणि वीज 11 रुपये. झाले 55.

आता विक्री. छापील किंमत 120 ठेवली आणि दुकानदाराला 30 टक्के दिले, तर त्याचे 36, तुमच्या हातात 84. वाहतूक, नमुना पाकिटं, खराब माल यांचे 9 काढले तर सुटले 20 रुपये. 22 रुपयांच्या हिशोबाने खूश होऊन किंमत 80 ठेवली असती तर? दुकानदाराचे 24 गेले, हातात 56, खर्च 55. एक रुपया उरला, आणि वाहतूक अजून बाकी!

गिऱ्हाईक कोण?

100 ग्रॅममध्ये साधारण चार न्हाणी होतात. म्हणजे एका न्हाण्याला 30 रुपये. समोर शाम्पूची पुडी एक-दोन रुपयाला लटकलेली. तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये चिक शाम्पू सुरू केला आणि पुडीच्या जोरावर खेडोपाडी पोचवला. तेव्हापासून स्वस्ताईत शाम्पूला हरवणं अवघड आहे, आणि तुम्ही त्या शर्यतीत उतरूच नका.

तुमचं गिऱ्हाईक पुडीवालं नाही. ज्याने शाम्पू सोडायचं ठरवलंय, पण भिजवणं-उकळणं-गाळणं करायला वेळ नाही, ते तुमचं गिऱ्हाईक. नोकरी करणाऱ्या ताई, बाळंतिणीच्या घरची माणसं, दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी उटण्यासोबत शिकेकाई घेणारे लोक. यांना तुम्ही वाचवलेला वेळ आणि मालाची खात्री विकता. म्हणून पाकिटावर घटक प्रमाणासह लिहा.

लायसन्सचं काय?

इथे गंमत नाही, मित्रांनो. केस स्वच्छ करण्यासाठी म्हणून विकलेली वस्तू कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. उत्पादनाचं लायसन्स लागतं, महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. योग्य जागा, स्वच्छता आणि तांत्रिक पात्रतेची व्यक्ती लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, जरूर करा, पण ती या लायसन्सची जागा घेत नाही.

सुरुवातीलाच एवढं झेपत नसेल तर लायसन्स असलेल्या उत्पादकाकडून तुमच्या प्रमाणाने माल बनवून घ्या आणि तुमच्या ब्रँडने विका. नफा कमी होईल, पण झोप लागेल.

पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, बॅच नंबर, छापील किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. आणि "केस गळती बंद", "टकलावर केस", "कोंडा मुळापासून बरा" असलं काही लिहू नका. बरं करण्याचा दावा केलात की ती वस्तू औषधाच्या नियमात जाते. "केस धुण्यासाठी शिकेकाई, रिठा, आवळा" एवढं पुरे. त्याखाली "डोळ्यांपासून दूर ठेवा, आधी कानामागे थोडं लावून पाहा" ही ओळ टाका.

या आठवड्याचं काम

पाच किलोची खरेदी लगेच करू नका. अर्धा किलो मालाची पावडर करा, घरात वापरा आणि वजन चार वेळा लिहा: आणल्यावर, बी काढल्यावर, दळल्यावर, चाळल्यावर. मग वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. 100 ग्रॅममागे खर्च जाऊन 15 रुपयेही सुटत नसतील, तर किंमत, पाकिटाचा आकार किंवा खरेदीची जागा यातलं काहीतरी बदलावं लागेल. ते बदलल्याशिवाय लेबल छापायला टाकू नका. वही तयार ठेवा, पुढच्या व्हिडिओत आपण लेबल आणि पॅकिंग बघणार आहोत.