‘लक्षणीय’ म्हणजे किती?
मुळशी तालुक्यातील लवळे येथे २०२० पासून सिंबायोसिसचे महिला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील भावी डॉक्टरांना मनोविकारांवरील औषधांचे शोधनिबंध चिकित्सकपणे वाचण्यास शिकवायचे झाल्यास आरंभ शब्दार्थापासून करावा, असे मला वाटते.

‘लक्षणीय’ हा शब्द पाहा. व्यवहारात त्याचा अर्थ ‘ठळक’. संख्याशास्त्रात मात्र एवढाच, की औषध निष्प्रभ असते तर इतका फरक योगायोगाने क्वचितच दिसला असता. तो रुग्णाला जाणवेलच असे नाही.

टर्नर व सहकाऱ्यांच्या २००८ मधील पाहणीत, अमेरिकी नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्या होत्या. अनुकूल ३८ पैकी ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ अप्रकाशित राहिल्या, तर ११ अनुकूल भासतील अशा शब्दांत छापल्या गेल्या. औषध लिहून देणारी डॉक्टर मात्र छापलेलेच वाचते.